सकाळी आठपर्यंत गुप्त

बावीस वर्षं गुनवोर एडस्मीर कंपन्यांचे अहवाल आणि शेअर बाजारासाठीची निवेदनं स्वीडिशमधून इंग्रजीत आणत आली होती. स्वीडनच्या हेल्सिंगलंड भागातल्या एका लहान गावात, स्वयंपाकघरालगतच्या खोलीत बसून. नवरा गेल्यापासून येऊन-जाऊन असा एक धाकटा भाऊच होता, रूने.

त्या मंगळवारी रूने तिच्या सिंकखाली आडवा होऊन तुंबलेला पाइप सोडवत होता.

"अगं, कॉफीचा चोथा ओततेस यात? शिकलेली बाई ना तू!"

"तोंड कमी, हात जास्त चालव," हसत म्हणत तिने भाषांतर एजन्सीकडून आलेलं नवं काम उघडलं. त्याआधी नेहमीची हमी नावानिशी द्यावी लागली: बातमी जाहीर होईपर्यंत कोणाला, अगदी घरच्यांनाही, सांगणार नाही. सांगितलं तर गुन्हा. अशी हमी तिने शेकडो वेळा दिली होती.

तिने पहिलं वाक्य वाचलं. गावातलाच कागद कारखाना. 'आवेक्लिंग', म्हणजे कामकाज गुंडाळणं. दोनशे दहा कामगार. रूने तिथं एकतीस वर्षं होता.

तिने पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. अक्षरं तीच राहिली.

"गुनवोर! पाना दे गं!"

ती उठली. काळाकुट्ट हात बाहेर आला, पाना घेऊन आत गेला. "कारखान्यात नवं मशीन येतंय म्हणतात," आतून आवाज आला. "मला शिकायला फिनलंडला धाडणार. या वयात, बोल!"

"हो का," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

ती परत खुर्चीत बसली. स्वीडिश शब्द कसा मऊ होता, गुंता हळूहळू सोडवल्यासारखा. इंग्रजीतही तसा मऊ शब्द सापडला असता. पण वाचणाऱ्याला शंका उरता कामा नये, हा तिच्या कामाचा नियम. तिने 'क्लोजर' लिहिलं. बंद.

दुसऱ्या दिवशी आठला बातमी जाहीर झाली. सव्वाआठला फोन आला.

"कॅन्टीनमध्ये उभं करून सांगितलं आम्हाला," रूनेचा आवाज अगदी बारीक झाला होता. मग थांबून, "असलं इंग्रजी तूच करतेस ना?"

"हो."

"कधी केलंस?"

"काल. तू सिंकखाली होतास तेव्हा."



"आणि मला पाना दिलास," तो म्हणाला. फोन बंद झाला.

त्याच दुपारी एजन्सीचा ई-मेल आला: भाषांतर निर्दोष, ग्राहक खूश. आपल्या भागातल्या कंपन्यांचं काम यापुढे पाठवू नका, असं तिने कळवलं.

सात आठवडे रूने फिरकला नाही. मे महिन्यात एका रविवारी दारात उभा राहिला. नगरपालिकेच्या पाणीखात्यात त्याला काम लागलं होतं.

"मी सरळ विचारलं असतं तर?"

"तरी नसतं सांगितलं, रूने."

तो तिच्याकडे बघत राहिला, जणू साठ वर्षांच्या या बाईला पहिल्यांदाच बघत होता. मग बूट काढून आत आला. जेवायला थांबला, बोलला मात्र थोडंच.