साडूंची भट्टी आणि भावी नगरसेवक

पाऊस लागला की अख्खं नाशिक घरात शिरतं आणि माझे थोरले साडू बाहेर येतात. असा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. उन्हाळ्यात त्यांना उठून स्वतःचा चहा गरम करायचा कंटाळा. पण आषाढात आभाळ पार गच्चीला टेकलं, की डोक्यावर कारखान्यातलं जुनं हेल्मेट, अंगात रेनकोट आणि खाली लुंगी अशा थाटात ते मागच्या अंगणात उभे राहतात आणि भट्टी पेटवतात. भट्टी म्हणजे तेलाचं दोनशे लिटरचं पिंप. तळाशी कोळसा, वर दोन जाळ्या, त्यावर झाकण, झाकणाला धुराचं नळकांडं आणि पोटाला भंगारबाजारातून आणलेली तापमानाची तबकडी. आत मसाला लावलेल्या कोंबड्या ठेवायच्या आणि चार तास नुसत्या धुरावर शिजू द्यायच्या. त्यांच्या मुलाने मोबाइलवर कुठल्या तरी परदेशातला असला प्रकार दाखवला आणि साडूंनी आठवड्याभरात वेल्डिंग करून तो उभा केला. तिकडची माणसं ऊन बघून पेटवतात, एवढं एक त्यांनी लक्षात घेतलं नाही.

घेऊन उपयोगही नव्हता म्हणा. श्रावण लागला की महिनाभर घरात वशाट बंद, म्हणून आषाढाच्या शेवटच्या रविवारी सगळ्या नातलगांना बोलावून आखाड खायचा, ही आमची रीत. आणि तो रविवार आजवर कधी कोरडा गेलेला नाही. साडूंचा त्यावर एक सिद्धांत आहे. इगतपुरीला थांबला की तासाभराने आपल्याकडे थांबतो. त्यासाठी ते इगतपुरीच्या एका जुन्या सहकाऱ्याला सकाळपासून फोन करत राहतात. तिथे बहुधा तो थांबतच नाही, त्यामुळे सिद्धांत आजपर्यंत खोटा ठरलेला नाही.

तीस वर्षं ते अंबडच्या एका कारखान्यात लोखंड तापवायच्या भट्टीवर होते. निवृत्त झाले तरी शिस्त सुटली नाही. दर पंधरा मिनिटांनी काटा बघून वहीत आकडा लिहायचा. काटा एकशेवीसच्या आसपास राहिला पाहिजे. झाकण उघडायचं नाही, कारण एकदा उघडलं की अर्ध्या तासाची धग जाते. आणि भट्टी सोडून दोन मिनिटं जरी जायचं झालं, तरी दुसऱ्याला रीतसर चार्ज द्यायचा. म्हणजे वहीत ‘चार्ज दिला’ म्हणून त्यांनी सही करायची आणि ‘चार्ज घेतला’ म्हणून आपण. साडू लघवीला जाऊन आले त्याच्या माझ्या सह्या त्या वहीत वीस-पंचवीस तरी असतील.

धुरासाठी त्यांना द्राक्षवेलीच्या काड्याच लागतात. एप्रिलच्या छाटणीनंतर दिंडोरीच्या एका ओळखीच्या बागेतून ते दोन पोती भरून आणतात. पावसाळ्यात घरातली एकमेव कोरडी जागा म्हणजे ताईचं लोखंडी कपाट, असं त्यांचं मत. त्यामुळे काड्यांच्या मोळ्या साड्यांमध्ये. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. ती गळ्यात माळ घातलेली, वशाटाला शिवत नाही. तिची तक्रार अशी, की लग्नात ती पंगतीला बसली की शेजारच्या बायका इकडेतिकडे बघत विचारतात, काही जळतंय का हो? साडू ऐकून घेतात आणि पुढची मोळी पैठणीच्या खाली सारतात. मात्र भट्टीच्या वरच्या जाळीवर पहिली जागा ताईच्या वांग्याची. वर अशासाठी, की कोंबडीचा थेंबही त्यावर पडू नये. ते वांगं निघाल्याशिवाय कोणाच्या ताटात काही पडत नाही.

माझं खातं छत्रीचं. भट्टीवर छप्पर म्हणून साडूंनी एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला होता. हात जोडलेले ते गृहस्थ धुराने दरवर्षी आणखी सावळे होत चालले होते. त्यांच्या पोटात पाणी साचलं, की मी छत्रीच्या टोकाने हळूच वर ढकलून ते भिंतीपलीकडे सोडायचं.

गेल्या आषाढात मात्र साडू पहिल्यापासून गप्प होते. दिवाळीनंतर घर विकून पुण्याला मुलाकडे जायचं ठरलं होतं. अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, अंगण नाही, आणि सोसायटीत उदबत्तीचा धूरही बेताचाच. या घरातला हा शेवटचा आखाड. “एवढा एक नीट झाला पाहिजे, साडूभाऊ,” ते मला सकाळीच म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी सोमवारी श्रावण लागत होता, म्हणजे बिघडलं तर पुन्हा संधी नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला मुलगा आणि सून पुण्याहून आले. साडू मला चार्ज देऊन दाराशी गेले. आणि इतक्या वर्षांत जे केलं नाही, ते मी त्या दहा मिनिटांत केलं. वास असा सुटला होता, की मला राहवलं नाही. एका हातात छत्री धरून मी दुसऱ्या हाताने झाकण उचललं. वाफ तोंडावर आली, मी दचकलो, छत्रीचं टोक वर घुसलं आणि भावी नगरसेवकांचं पोट फुटलं. सगळं पाणी सरळ पिंपात. एक मोठा चर्र आवाज झाला आणि भट्टी विझली.

साडू आले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी काट्याकडे पाहिलं, वही उघडली, ‘२.१० – विस्तव गेला’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि उलट्या बादलीवर बसले. शेजारची काड्यांची उरलेली शेवटची मोळीही भिजून चिंब झाली होती. मुलगा म्हणाला, बाबा, कुकरला लावून टाकू. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागच्या ओट्यावर ताई पाहुण्यांसाठी शेगडीवर कणसं भाजत होती. तिने कणसं बाजूला काढली आणि शेगडीतला लाल कोळसा घमेल्यात ओतून आणून साडूंपुढे ठेवला. मग आत गेली आणि जुन्या साडीच्या पदरात गुंडाळलेली एक मोळी घेऊन आली. कडकडीत कोरडी. ही तिने स्वतः वेगळी ठेवली होती, साडूंनाही ठाऊक नव्हती.

“भावोजींच्या हातात छत्री म्हटल्यावर मी एक राखूनच ठेवते दरवर्षी,” ती म्हणाली.

साडू तिच्याकडे बघतच राहिले. घमेल्याकडे बोट करून म्हणाले, “अगं, पण तुला चालतं का हे?”

“कोंबडीला मी हात लावायची नाही. विस्तवाला कसलं आलंय सोवळं?”

मग ओला कोळसा उपसला, पिंप पुसलं, मुलाने अंगणातल्या शेडवरचा एक पत्रा काढून फ्लेक्सच्या जागी बांधला. तीन वाजता काटा पुन्हा हलला. सात वाजता, दिवेलागणीला, आधी वांगं निघालं. ताईने भाकरीशी पहिला घास घेतला आणि नुसती मान हलवली. साडूंना तेवढं पुरलं. जेवणं झाल्यावर त्यांनी वही माझ्यापुढे धरली. शेवटच्या ओळीत ‘चार्ज दिला’ आणि त्यांची सही होती. मला वाटलं, हात धुवायला निघालेत. पण ते कुठे गेले नाहीत, पेन धरून तिथेच उभे राहिले, तेव्हा मला कळलं. मी सही केली.

आता ते पिंप माझ्या अंगणात आहे. पाऊस लागला आणि मी भट्टी पेटवली, की पुण्याहून दर पंधरा मिनिटांनी फोन येतो. साडू फक्त “किती?” एवढंच विचारतात, मी आकडा सांगतो आणि ते तिकडे वहीत लिहून घेतात. परवा मात्र फोन ताईने घेतला. पुण्याला याल तेव्हा काड्यांची एक मोळी घेऊन या, म्हणाली. मला वाटलं, साडूंनी बाल्कनीत काही सुरू केलं. मी विचारलं, पेटवणार कुठे?

“पेटवायला नकोय हो,” ती म्हणाली. “कपाटात ठेवायचीय. इथं साड्यांना कसलाच वास येत नाही.”