एक थेंबही नाही

मी देव मानतो तो मोदकापुरता. असले अनुभव सांगणाऱ्यांची आजवर यथेच्छ टिंगल केली... आता तुम्ही माझी करा.

आम्ही जयगडचे. बायकोची, सुनंदाची, केमो रत्नागिरीला एका खासगी हॉस्पिटलात चालू आहे. पहिल्या वेळी औषध सुरू झालं आणि पाचव्या मिनिटाला तिचा चेहरा लालभडक, छाती आवळलेली, श्वास घेता येईना. ॲलर्जी! सिस्टरने औषध तिथेच थांबवलं म्हणून निभावलं. दुसऱ्या खेपेसाठी डॉक्टरांनी आदल्या रात्री घ्यायच्या वेगळ्या गोळ्या दिल्या. "ह्या चुकवायच्या नाहीत." जबाबदारी — अर्थातच माझी.

आदल्या दिवशी दिवेलागणीला सुनंदा म्हणाली, "गोळ्या देवापुढे ठेवून गाऱ्हाणं घाला बघू."

मी गावच्या नाटकातला जुना राजा. आवाज लावला — "बा देवा, उद्याच्या औषधात काय वाकडं असेल, काय राहिलं असेल, तर एक थेंब आत जाऊ देऊ नको रे महाराजा!"

"होय महाराजा!" सुनंदा ओरडली. कितीतरी दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने विचारलं, "काका, कालच्या गोळ्या दिल्यात ना?"

"म्हणजे काय!" मी छाती फुगवून.

साधं सलाईन मस्त चाललं. औषधाची पिशवी लावली — मशीन टीं-टीं! थेंब पडेना. नळी बदलली. टीं-टीं. मशीन बदललं. टीं-टीं. परत साधं सलाईन लावलं, तर सुरळीत.

सुनंदा हळूच म्हणाली, "अहो... काल काय मागितलंत तुम्ही? एक थेंब..."

आणि माझ्या डोळ्यांपुढे आमचा देव्हारा आला. जास्वंदीचं फूल. त्याखाली गोळ्यांची अख्खी पट्टी! जेवणानंतर मी तिला फक्त रोजच्या गोळ्या दिल्या होत्या. तिने विश्वासाने, न बघता गिळल्या.

"सिस्टर... राहिल्या."

"काका!!"

डॉक्टर जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांनी गोळ्यांऐवजी इंजेक्शनं दिली, अर्धा तास थांबले, मग तीच पिशवी, तेच पहिलं मशीन, अगदी हळू. टीं नाही की टूं नाही! मी तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. पाचवं मिनिट गेलं... सहावं...

"लग्नात सुद्धा एवढं बघितलं नव्हतंत," म्हणाली, आणि इंजेक्शनच्या गुंगीत घोरायला लागली. इतकं गोड घोरणं मी जन्मात ऐकलं नाही.

दोन्ही मशीनं नंतर तपासली. बिघाड नाही.

पुढच्या खेपेची कामं सुनंदाने वाटून दिली आहेत. गाऱ्हाणं मी घालायचं. गोळ्या तिच्या उशाशी.