चाचांची ढाबळ

बोलता बोलता मध्येच डोळ्यांवर आडवा हात धरून आभाळात बघणारा माणूस तुम्ही पाहिलाय? आमच्या गल्लीत एक होता. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी उडवलेलं कबुतर दिसेनासं झालं की आमचाच जीव वरखाली. चाचा मात्र निवांत. "येतंय की! जातंय कुटं?"

धंदा रिक्षा दुरुस्तीचा, जीव गच्चीवरच्या कबुतरांच्या ढाबळीत. गिऱ्हाईक खाली खोळंबलेलं आणि हे वर शिट्ट्या मारतायत, हे समोरच्या घरातून मी रोज बघायचो.

मग किडन्या गेल्या. चाचींनी आपली एक दिली. शरीरानं ती नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आल्या, त्याही जन्मभराच्या. डॉक्टरांनी बजावलं, "कबुतरांच्या विष्ठेत बुरशी असते. धडधाकट माणसाला ती सहसा काही करत नाही, तुम्हाला सोडणार नाही." चाचांनी मान डोलावली आणि तोंडाला रुमाल बांधून ढाबळ झाडत राहिले. "तीस वर्सं त्यांच्यातच हाय मी. वळकत्यात मला!" कबुतरं ओळखत असतील हो, बुरशी कशाला ओळखते?

काही महिन्यांत डोकं दुखायला लागलं. ऊन बाधलं म्हणून आठवडाभर कांद्याचा रस चोळला. शेवटी पाठीतून पाणी काढून तपासलं, तर बुरशी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचलेली. मी दवाखान्यात गेलो तेव्हा चाची कॉटजवळ बसून विचारत होत्या, "किडनी मी तुमाला दिली, का कबुतरांना?"

चाचा पहिल्यांदाच खाली बघत होते.

वाचले. घरी आल्यावर कबुतरं जवळच्याच कुंभारी गावातल्या दोस्ताकडे द्यायचं ठरलं. मीच पोचवली. चहा होईस्तोवर दोस्तानं हौसेनं पेटारा उघडला, आणि मी परत येतो तर सगळी गच्चीवर, माझ्याआधी! मला हसू फुटलं. मग चाचींचा चेहरा दिसला आणि माझीच मला लाज वाटली.

दुसऱ्या खेपेला ती लांब माढ्याला गेली. तिथं पिल्लं होईपर्यंत कोंडून ठेवायची, म्हणजे तिथलीच होतात. ढाबळ मोडली. चाचा-चाची लेकीकडे पुण्याला गेले. गल्ली सुनी सुनी झाली, खोटं कशाला बोलू.

परवा दुपारी त्यांच्या कठड्यावर एक म्हातारं पांढरं कबुतर दिसलं. पायात चाचांचं हिरवं कडं. मी घाईघाईनं फोन लावला.

"चाचा, आलं की!"



"दाणा टाकू नको," चाचा म्हणाले. "भुकेनं जाईल माघारी. ते ऱ्हायलं तर मी बी येतो बघ, आन चाचीला त्वांड दावायला जागा न्हाय मला."

मी बरं म्हणालो. फोन ठेवणार, तेवढ्यात पुन्हा आवाज आला.

"पाणी तेवढं ठेव रे. ऊन लई हाय."