भिंतीतला विस्तव

ही गोष्ट मी आजवर एका माणसाखेरीज कुणाला सांगितलेली नाही. आणि मी काय सांगत नाही हो? भोरच्या बाजारात दोन माणसं पोट धरून हसताना दिसली, तर तिसरा मी असतो. आजोबांचा रुसका बैल, माझं लग्न, किकवीच्या ओढ्यात उलटलेली वऱ्हाडाची गाडी – सगळं सांगून सांगून गुळगुळीत केलंय. एवढी एकच गोष्ट घशाखाली राहिली. आज ती बाहेर काढतोय आणि – खरं सांगू? – नाटकाचा पडदा वर जाताना वाटतं तसं वाटतंय.

आधी घरांचं सांगतो. आमचं घर आणि येसूकाकींचं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती. आमचं घर पाच खणांचं, त्यांचं दोन खणांचं. काकी नात्यातल्या नव्हेत, शेजारच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. दोन शेळ्या आणि ते घर, एवढाच संसार. मधल्या भिंतीत चुलीजवळ हात जाईल एवढं भोक होतं. सकाळी जिची चूल आधी पेटे तिनं त्यातून पलीकडे विस्तव द्यायचा – गोवरीच्या तुकड्यावर ठेवून, हळू फुंकर घालत. देणाऱ्या बहुतेक वेळा काकीच. काडेपेटी आमच्याकडेही होती. पण विस्तव मागितला-दिला की आदल्या दिवशीची कुरबुर मिटायची, हे बायकांना पक्कं ठाऊक होतं.

चैत्रातल्या एका सकाळी ही दोन्ही घरं जळाली.

माणसं वाचली. शेळ्याही वाचल्या. राहिल्या त्या काळ्या भिंती. संस्थानातले एक अंमलदार चौकशीला आले. आग आमच्या माळ्यावरच्या पेंढ्याला लागली, हे दिसतच होतं. पण पेंढ्याला ठिणगी कुठून? बायको चूल पेटवून पाण्याला गेली होती, वडील शेतावर. घरात मी एकटा. सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. त्या तोंडावर मिशी नव्हती. वडील जिवंत असताना मुलानं मिशी उतरवली म्हणून आळीत आधीच कुजबुज होती. नवस होता, असं मी म्हणालो.

आणि मग मी बोलायला उठलो. काय बोललो म्हणता? भोकातून येणारा विस्तव मी हातानं दाखवला. त्यातून उडालेली ठिणगी बोटांनी नाचवत छपरापर्यंत नेली. ती पेंढ्यात कशी दडली, कशी धुमसली – मान तिरकी करून, डोळे बारीक करून, सगळं. माणसं श्वास रोखून ऐकत होती. काकी कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. ते मी पाहिलं – आणि तरी शेवटपर्यंत बोललो. इतकं छान चाललं होतं ना!

माझ्या त्या सोंगावर नियम झाला. यापुढे घराला घर चिकटवायचं नाही. दोन्ही बाजूंना बोळ सोडायचा, रस्त्यापासून मागे सरायचं. आमची जागा ऐसपैस, आम्ही बोळ सोडूनही बांधलं. काकींच्या दोन खणांतून दोन्हीकडचे बोळ आणि पुढचं अंगण वजा केलं, तर उरली तुळशीवृंदावनापुरती जागा. काकी शेळ्या घेऊन वेल्ह्याला भाच्याच्या पडवीत राहायला गेल्या. मी माझ्या बाजूच्या बोळात अळू लावला. त्याची भाजी चांगली व्हायची, हेही लिहून टाकतो.

पुढे कित्येक वर्षं ठिणगीची ती गोष्ट मी लग्नात सांगितली, बारशात सांगितली. लोक मागून घेत.

मग गावच्या कमिटीपुढे प्रश्न आला. लहान जागांवर कुणालाच बांधता येईना, आळी मोकळी पडत चालली. मी पुन्हा उठलो, या वेळी उलट बाजूनं. शेजारी राजी असतील तर भिंतीला भिंत लावू द्या, फक्त मधली भिंत दगडाची करा, छपराच्या वर हातभर काढा. आणि लहान जागेला पुढच्या अंगणाची सक्ती नको. ठराव झाला. टाळ्याही पडल्या. खरं मात्र तिथंही बोललो नाही. बोललो का? नाही.

आनंदाच्या भरात वेल्ह्याला गेलो. माझा बोळ तुम्हाला देतो, म्हणालो, घर बांधा. काकी शेळीच्या अंगावरच्या गोचिडी काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

“भितीला भित लावून म्या न्हाई राहायची, गणू. माजा हात जळका हाय.”

भाचेसुनेनं मला बाहेर गाठून सांगितलं – आत्याबाई कुणाला विस्तव देत नाहीत. शेजारीण मागायला आली की निखाऱ्यांवर राख ओढून चूल विझली म्हणतात. सगळी आळी त्यांना चिकट म्हणते.

मी परत आत गेलो आणि खरं ते सांगितलं.

आग लागली त्या वर्षी जत्रेतल्या सोंगांत मी राक्षस होणार होतो. तोंडातून जाळ काढणारा. घासलेटाचा घोट, हातात पेटता पलिता, समोर आरसा – कुणी पाहू नये म्हणून माळ्यावर चढून तालीम करत होतो. पेंढ्यात उभा राहून! जाळ निघाला. मिशी गेली, मग पेंढा, मग दोन घरं.

काकींनी शेळीला सोडलं, मान वर केली. मग विचारलं, “जाळ केवढा निघाला व्हता रं?”

मी दोन्ही हात पसरून दाखवला. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. मग तो थांबला.

“एवढ्या गोष्टी सांगतुस चारचौघांत, ही बी सांग. माजं नाव घिऊन. तवर माज्या हातचा विस्तव न्हाई तुमाला.”

मी हो म्हणालो. अळू उपटला. दगडी भिंत उभी राहिली, काकी राहायला आल्या. भिंतीत भोक ठेवायला त्यांनीच गवंड्याला सांगितलं – आणि पहिल्या दिवशीच त्यात चिंधी कोंबली. तिला आता दोन दिवाळ्या झाल्या. बायको विचारते, हे भोक बुजवलंय कशाला? मी बैलाची गोष्ट सांगतो.

आज ती सांगणार नाही. हे छापून आलं की बाजारात मीच मोठ्यानं वाचणार आहे, हातवारे न करता. चिंधी निघेल की नाही, तो काकींचा प्रश्न. मला मात्र आत्ताच छातीवरचा पेंढ्याचा भारा उतरल्यासारखं वाटतंय. हसू येतंय. येऊ नये, पण येतंय.

तर ऐका. ती आग मी लावली. येसूकाकींनी दिलेला विस्तव त्या सकाळी आमच्या चुलीत होता, जिथं असायचा तिथंच.