व्हाळापलीकडचा मळा

गावपळण पाहायला जायचं असेल तर तिकीट आधी काढू नका, हा माझा पहिला सल्ला. सगळा गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन तीन दिवस शिवेबाहेर राहायला जातो, पण कधी जायचं ते देव ठरवतो. पुजारी देवाच्या अंगाला फुलाची पाकळी लावतो. ती कोणत्या बाजूनं पडते, तो कौल. मी मात्र काही पाहायचं ठरवून गेलेच नव्हते. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं आणि माघात एक दिवस हे म्हणाले, "चल, तुला आमच्या काकीचा मळा दाखवतो." मी नाशिकची, समुद्र पाहिलेला नव्हता. लगेच पिशवी भरली.

हल्ली तुम्ही रात्री गाडीत बसता आणि सकाळी कणकवलीला उतरता. आम्ही भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं गेलो. डेकवर सतरंजी टाकायची, घरचं दशमी-पिठलं खायचं आणि किनारा बघत पडून राहायचं. विजयदुर्गापाशी डुलकीतून जागी झाले तर किल्ला पाण्यावर ठेवल्यासारखा दिसला. तो खरा की झोपेतला, हे मला बराच वेळ कळेना. मालवणला बोट धक्क्याला लागत नसे. समुद्रातच पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरायचं. मी कठड्याला घट्ट धरून उभी, तर खालून पडाववाले आजोबा म्हणाले, "ये गो बाय, दर्यो आज गरीब आसा." पुढे बैलगाडी, लाल धूळ आणि आंब्याच्या मोहराचा वास. दुपारभर हेच चाललं होतं.

काकींचा मळा व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अगदी काठाला. भात निघाल्यावर त्याच जमिनीत भाजी. काका लवकर गेले, तेव्हापासून मळा काकी एकट्याच करत. लाल माठ, मुळे, मांडवावर वालीच्या शेंगा. सकाळी दव असताना त्या वाफ्यांत मी अनवाणी फिरायचे आणि नाशिकचं घर कुणा दुसरीचं असल्यासारखं वाटायचं. गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मिरचीची रोपं लावली. हे बियाणं काकींच्या माहेरचं, वेंगुर्ल्याकडचं. तिथं आता कुणी शेती करत नव्हतं आणि इथं काकींनी घरात ठेवलेलं बी उंदरांनी संपवलं होतं. उरलं ते सगळं ह्या वाफ्यांत.

संध्याकाळी देवळाकडून ढोल वाजला. गावपळण यंदा होतीच, पण ती शिमग्यानंतर होणार असा सगळ्यांचा होरा. देवानं मात्र परवाच निघायचा कौल दिला होता.

कोवळ्या रोपांना रोज पाणी हवं आणि तीन दिवस गावात माणसानं फिरकायचं नाही. दुसरा दिवसभर आम्ही नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, व्हाळात भिजवून एकेका रोपाच्या बुडाशी रचली, वरून झावळांची सावली केली. मावळतीला काकींनी वाफे तुडुंब भरले आणि सकाळी घराला नुसती कडी लावून निघाल्या.

शिवेबाहेर म्हणजे व्हाळाच्या पलीकडे. काजूंच्या सावलीत झावळांच्या झोपड्या, चुली, फांदीला टांगलेले पाळणे. उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा ह्यावर मी तुटून पडले. दुपारी बायकांच्या फुगड्या, पुरुषांचं भजन, कुणाला कसली घाई नाही. समोर रिकामा गाव उन्हात झोपलेला, कौलांवर फक्त पाखरं. इतकं सुंदर काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पण काकी काठावर बसून असायच्या, नजर मळ्यावर. मळा समोर, हाकेच्या अंतरावर, मध्ये घोटाभर पाणी.

तिसऱ्या दिवशी झावळांखालची पानं मान टाकलेली दिसू लागली. मला राहवेना.

"काकी, मी तर नाशिकची. मी पटकन जाऊन पाणी घालून येते."

त्यांनी माझा हात धरला. "तू खंयची नाशकाची? तू गावचीच मा गो आता."

लग्नानंतर वर्षभरात हे मला कुणी म्हटलं नव्हतं. ऐकून बरं वाटलं आणि त्याच बोलण्यानं माझे पाय बांधले गेले. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

चौथ्या सकाळी पुजाऱ्यांनी कौल लावला. पाकळी डावीकडून पडली. अजून एक दिवस. "देवाक अजून एकटो रवाचा आसा," कुणीतरी म्हणालं आणि लोक हसत पुन्हा चुलींकडे वळले. काकींनी पदर डोळ्यांना लावला. फुगड्यांची मजा माझ्यापुरती तिथंच संपली.

पाचव्या दिवशी उजवा कौल मिळाला. काकी घराकडे न जाता थेट वाफ्यांत शिरल्या. बहुतेक रोपं गेली होती. काठाजवळच्या ओलीत मूठभर जगली. त्यातलीच दोन त्यांनी मातीसकट उचलली, करवंटीत बसवली आणि माझ्यापुढे धरली.

"ही नाशकाक ने."

"इतकीच तर राहिलीत, ती मला कशाला?"

"सगळा बियाणा मी एकाच गावात ठेवलंय, थंयच चुकला."

परतीच्या बोटीत करवंटी माझ्या मांडीवर होती. नाशिकच्या गच्चीत, फुटक्या घागरीत ती रोपं रुजली. मिरची बुटकी आणि जहाल. दर वर्षी थोडं बी मी पुरचुंडीत बांधून ठेवायचे. काकींकडेही उरलेल्या मूठभर रोपांचा पुन्हा वाफा झाला. बाकी त्या प्रवासातलं आता पुष्कळ पुसट झालंय. कधी वाटतं, तो झोपलेला गाव मी बोटीतल्या डुलकीतच पाहिला.

पुढची गावपळण आली तेव्हा माझी मुलगी तान्ही होती, म्हणून हे एकटेच गेले. परत आल्यावर चहा घेता घेता मी विचारलं, "काकी ह्या वेळीही काठावर बसून होत्या?"

"छे. मळ्याकडे पाठ करून फुगड्या घालत होती. मला एवढंच विचारलं, तुझ्या बायलेच्या मिरच्यांक पाणी कोण घालता? म्हटलं, तीच घालते. तर म्हणाली, मगे बरा."

मी कप खाली ठेवला आणि तांब्या भरून गच्चीत गेले.