काकाने पुसलेला व्रण

माझा काका फोटोग्राफर आहे आणि त्याच्या दुकानातून आजवर एकही कुरूप माणूस बाहेर पडलेला नाही. आत सगळ्याच प्रकारचे जातात. पण फोटो हातात पडेपर्यंत प्रत्येकाचं काही ना काही सुधारलेलं असतं. कुणाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेलेली असतात, कुणाच्या हनुवटीवरची पुटकुळी. याचे तो वेगळे पैसे घेत नाही. "माणूस काय रोज फोटो काढतो का?" तो म्हणतो, "एक दिवस तरी बरं दिसू दे की बिचाऱ्याला!"

दुकान म्हणजे एक लांबट गाळा. पुढे काउंटर आणि भिंतीवर आरसा, आरशाच्या खिळ्याला दोरीने बांधलेला कंगवा. बांधलेला अशासाठी, की लोक केस विंचरत विंचरत तो घरी घेऊन जातात. मागच्या अर्ध्या भागात गोल फिरणारं स्टूल, छत्रीचे दिवे आणि तळं न् डोंगर रंगवलेला मोठा पडदा. बाजूला हुकावर एक काळा कोट. नोकरीच्या अर्जासाठी ज्याला रुबाबदार फोटो हवा त्याने तो चढवायचा. माणूस बारीक असेल तर काका कोट पाठीमागून कपड्यांच्या चिमट्यांनी आवळतो, जाडा असेल तर मागची शिवण उघडीच ठेवतो. फोटोत पाठ कुठे येते? आमच्या भागातले निम्मे साहेब त्या एकाच कोटात साहेब झालेत.

काकाने लग्न केलं नाही. दुसऱ्यांची इतकी लग्नं इतक्या जवळून पाहिल्यावर आपली हिंमत होत नाही, असं तो सांगतो. बाबा गेल्यापासून रोज संध्याकाळी दुकानाचं शटर ओढून तो आमच्याकडे जेवायला येतो. आई बालवाडीत शिकवते, तिचा पगार तो केवढा! माझ्या शिक्षणात काकाचा हात किती आणि आईचा किती, हे आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही.

मला बाहेरच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि शिष्यवृत्तीही मिळाली. शिष्यवृत्तीत विद्यापीठाची फी येत होती; बाकी सगळं आपलं आपण. हे 'बाकी सगळं' किती असतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. व्हिसाची फी, आरोग्य विमा, वैद्यकीय तपासणी, कागदपत्रांचं भाषांतर, तिकीट. शिवाय पहिल्या काही महिन्यांच्या खोलीभाड्याची रक्कम बँकेत पडून आहे हे दाखवायचं, आणि ती कमी पडली तर व्हिसाच नाही. आई हा सगळा हिशेब जेवताना पाढ्यासारखा म्हणायची. म्हणून होईस्तोवर एखादा आकडा वाढलेला असायचा. आधी विमा वाढला, मग तपासणी. मग चलनाचा भाव असा काही चढला, की आईने हातातला घास तसाच ठेवला.

आम्ही जिथे जमेल तिथे कात्री लावली. नवा लॅपटॉप रद्द, सरळ जाणारं विमान रद्द. दोन ठिकाणी उतरून, तिसऱ्या ठिकाणी सकाळपर्यंत ताटकळत जाणारं तिकीट मी पसंत केलं. थंडीचा कोट आईच्या मैत्रिणीच्या मुलीचा मिळाला, बाह्या जरा तोकड्या. खोलीभाड्याच्या रकमेला मात्र हात लावायचा नाही, हे आईने बजावून ठेवलं होतं. तेवढ्यात बातमी आली, की पुढच्या महिन्यापासून विद्यार्थ्यांच्या व्हिसाची फी जवळजवळ दीडपट होणार. जुन्या दराने भरायची तर त्याच्या आत अर्ज जायला हवा होता. आमची अशी काही धावपळ उडाली की विचारू नका.

फोटो अर्थातच काकाने काढला. त्या दिवशी त्याने दुकानात दुसऱ्या कुणाला घेतलं नाही. चार वेळा दिवे सरकवले, दोनदा माझी मान सरळ केली. "हसू नकोस. व्हिसाच्या फोटोत हसायचं नसतं," असं म्हणत स्वतःच हसत होता. फोटो झकास आला होता. मी इतकी बरी दिसते हे मला नव्यानेच कळलं. अर्ज भरला, फी भरली, आणि त्या रात्री आम्ही तिघं कित्येक दिवसांनी पाढा न म्हणता जेवलो.

नवा महिना लागला आणि अर्ज परत आला. कारण एका ओळीचं होतं: फोटोत फेरफार केलेला आहे, पासपोर्टवरच्या चेहऱ्याशी तो जुळत नाही. भरलेली फी परत मिळणार नव्हती. नवा अर्ज नव्या दराने करायचा होता.

मला आधी काही उमगेचना. मग दोन्ही फोटो शेजारी ठेवले. माझ्या डाव्या भुवईवर व्रण आहे, लहानपणी कपाटाच्या कोपऱ्यावर आपटले होते त्याचा. पासपोर्टच्या फोटोत तो होता. काकाच्या फोटोत भुवई कशी अखंड, कोरल्यासारखी. इतक्या वर्षांच्या सवयीने त्याचा हात आपोआप फिरला होता. जगाचे डाग पुसणाऱ्या माणसाने पुतणीचा तेवढा ठेवायचा, हे त्याला सुचणार तरी कसं?

हे शहाणपण आजचं. त्या दिवशी मी घर डोक्यावर घेतलं. "तुला कुणी सांगितलं होतं मला सुंदर करायला?" मी ओरडले. "मी काय स्थळाला फोटो पाठवत होते?"

काका खाली मान घालून बसला. आई म्हणाली, "अगं, मुद्दाम केलं का त्यांनी?"

"मुद्दाम नाही वहिनी, पण केलं तर मीच ना," काका म्हणाला. "नवी फी मी भरतो."

"तुम्ही कुठून भरणार, भाऊजी? हल्ली लोक फोनवरच फोटो काढतात. दुकानाचं भाडं तरी निघतं का?"

"बघतो."

आई पुन्हा पाढा म्हणू लागली. नवी फी खोलीभाड्याच्या रकमेतून भरायची, तर बँकेतली शिल्लक कमी पडत होती. न भरावी, तर अर्जच जात नव्हता. कुठूनही मोजलं तरी माझं जाणं वर्षभर पुढे पडत होतं, आणि शिष्यवृत्ती काही वर्षभर थांबणार नव्हती. काका न जेवताच उठला. मी त्याला थांब म्हटलं नाही.

तीन-चार दिवस तो फिरकला नाही. मग आईच्या फोनवर निरोप आला: पैसे आईच्या खात्यात जमा केलेत, पोरीला नव्या फोटोला पाठवा.

मी गेले. राग अजून पुरता उतरला नव्हता. दोन शब्द ऐकवायचे असं ठरवूनच गेले. दारात पाऊल ठेवलं आणि तिथेच थबकले. गाळ्याच्या मधोमध नवी कोरी प्लायवूडची भिंत उभी होती. मागचा सगळा भाग पलीकडे गेला होता. तळं गेलं होतं, डोंगर गेले होते. पलीकडून स्क्रू सांडल्याचा आवाज आला आणि एक बाई डोकावली. मोबाईल दुरुस्तीवाली. "फोटोकाका, तुमचं गिऱ्हाईक आलंय हो," ती म्हणाली.

काकाने अर्धं दुकान तिला भाड्याने दिलं होतं. वर्षभराचं भाडं आगाऊ घेतलं होतं, आणि तेच माझ्या व्हिसाला लावलं होतं. काउंटर आणि भिंत यांच्या चिंचोळ्या जागेत आता स्टूल होतं. छत्रीचा दिवा उघडायला जागाच नव्हती, म्हणून तो अर्धा मिटलेला.

"अरे काका, आता लोक बसणार कुठे? घरच्यांचा एकत्र फोटो कसा काढशील?"

"दारात उभे करीन. उजेड चांगला असतो," तो म्हणाला. "बस तू. मान सरळ."

मी बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते थांबेचना. काकाने कॅमेरा खाली ठेवला. रागावला नाही, समजूतही काढली नाही. कंगवा बांधलेल्या आरशाकडे बोट दाखवून म्हणाला, "जा, तोंड पुसून ये. रडका चेहरा चालत नाही त्यांना. लाल डोळे मी पुसून देत नाही आता, सांगून ठेवतो."

मला हसू फुटलं. मग हसणं ओसरायची वाट बघावी लागली. शेवटी एकदाचा फोटो निघाला. संगणकावर माझा चेहरा उमटला तेव्हा काकाने दोन्ही हात खिशात घातले आणि मोबाईलवालीला हाक मारली. "ताई, जरा हे एवढं तुम्हीच पुढे पाठवा. माझ्या हातांचा काही भरवसा नाही."

मी त्याला वाकून नमस्कार केला. "काका, माझं चुकलं" वगैरे काही म्हणाले नाही. मी म्हणाले, "काका, तू आहेस म्हणून मी आहे." एवढं सरळ बोलायची आमच्या घरात पद्धत नाही, पण ते बोलले याचा मला आजही आनंद आहे. काका दिव्याची वायर गुंडाळत राहिला.

व्हिसा आला तो शनिवारी. आईने पासपोर्ट काकाच्या हातात दिला. ज्या पानावर शिक्का होता आणि माझा छोटा फोटो छापला होता, ते पान उघडून तो खिडकीपाशी गेला. एरवी कुठलाही फोटो तो एका नजरेत जोखतो. हा मात्र बराच वेळ बघत राहिला. अंगठा भुवईशी नेला आणि मागे घेतला.

आई घाबरली. "भाऊजी, पुन्हा काही चुकलंय का?"

"नाही वहिनी," काका म्हणाला. "आपलीच आहे."