भावजींची घागरींची रांग

वस्तू वापरायची असते, हे आमच्या धाकट्या भावजींना ब्रह्मदेवानं येऊन सांगितलं तरी पटायचं नाही. आष्टीला शाळेत चित्रकला शिकवतात, पण घरातलं एक भांडं जागेवर राहू देतील तर शपथ! तुटकी चप्पल खिळ्याला टांगतील, ऊसतोडीचा कोयता लेकराच्या झबल्यात गुंडाळून टीव्हीवर ठेवतील, आणि विचारलं तर वर म्हणतील, "वहिनी, वस्तू बोलते. ऐकायला शिका." एकदा मी पीठ चाळत होते, तर हातातली चाळणी ओढून उन्हात धरली. "ह्यातून दुष्काळ दिसतो, वहिनी!" मी म्हटलं, "मला कोंडा दिसतो. आणा इकडं!"

त्या साली टँकर आठवड्यातून एकदा यायचा, तोही आला तर. भावजींच्या घरात पोर तापानं फणफणलेलं आणि माठ कोरडा. अशात वस्तीशेजारच्या सहकारी साखर कारखान्याच्या चेअरमनला सुचलं काय, तर कार्यक्रम! पाहुण्यांसाठी काहीतरी कलाकुसर मांडा म्हणून भावजींना निरोप आला. ह्यांनी घरोघरच्या रिकाम्या घागरी मागून नेल्या आणि फाटकापासून आत ओळीनं मांडल्या. रांग लांब दिसावी म्हणून मोठ्या पुढं, बारक्या मागं, आणि सगळ्यात शेवटी स्वतःच्या घरची कळशी.

आता आमच्याकडं घागर ठेवली की नंबर लागला. रांग दिसली तशा आम्ही बाया आपापल्या घागरीमागं जाऊन उभ्या. तेवढ्यात खरंच टँकर आला, पाहुण्यांवर धूळ उडू नये म्हणून आवारात शिंपडायला! माझ्या मस्तकात तिडीक गेली. चेअरमन ओरडला, "बाजूला व्हा, हे पाणी कार्यक्रमाचं हाय!" मी म्हटलं, "लेकरं तहानल्यात आन् तुमी मातीला पाजता व्हय? नंबर लावलाय. हलणार न्हाई!" आम्ही पाईप हिसकावलाच. आणि भावजी? हात आडवे करून मध्ये उभे. "भरू नका! रिकाम्या आहेत म्हणून तर अर्थ आहे!" असं वाटलं, आधी ह्यांनाच बदडावं.

पाणी संपलं ते नेमकं त्यांच्या कळशीपाशी. धाकट्या जावेनं, त्यांच्याच बायकोनं, ती उचलून त्यांच्यापुढं धरली. "घ्या. आता ह्यात अर्थ भरा आन् पाजा पोराला."

मी शिव्या देत देतच माझ्या घागरीतलं अर्धं पाणी तिला ओतलं. पोर बरं झालं. चेअरमनचं आवार पुढच्या आठवड्यात पुन्हा शिंपून झालं, त्याला कशाची लाज! भावजींनी मात्र त्यानंतर कुठल्या वस्तूला हात लावला नाही. टँकरचा आवाज आला की सगळ्यांच्या आधी धावतात, कळशी लावतात आणि उन्हात खाली मान घालून उभे राहतात. शहाणे झाले, असं लोक म्हणतात. आग लागो त्या शहाणपणाला! मला त्यांना असं बघवत नाही.